न ठरलेले ठोके

दर रविवारी सकाळी मी आणि माझी धाकटी बहीण मीना एका वर्गात यंत्रावर संगीत रचायला शिकतो. त्या दिवशी सरांनी ढोलासारखा आवाज लावला. यंत्रावर एका ओळीत सोळा बटणं होती, एकेका ठोक्याचं एकेक, आणि प्रत्येक ठोका पडण्याची शक्यता किती, ते आपण ठरवायचं होतं. मी ती निम्मी ठेवली.

"आता कुठला ठोका पडेल ते तुम्हालाही कळणार नाही," सर हसून म्हणाले. "गंमत त्यातच आहे."

एक ठोका पडला. मग शांतता. मग लागोपाठ तीन. माझे खांदे आपोआप कानांपर्यंत चढले. आमचे वडील असेच मारायचे. एखाद्या दिवशी काचेचा जग फुटला तरी काही बोलायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दार जरा जोरात लागलं म्हणून पट्टा काढायचे. मीनाचा पुढचा दात असाच एका दुपारी जेवता जेवता त्यांच्या फटक्याने तिच्या ताटात पडला. मार सहन व्हायचा, पण तो येईल की नाही याची वाट पाहणं सहन व्हायचं नाही.

"बंद करू का गं?" मी तिला विचारलं.

"नको," ती म्हणाली, आणि खिडकीच्या काचा थरथरेपर्यंत तिने आवाज वाढवला. प्रत्येक ठोक्याला ती टेबलावर मूठ आपटू लागली. बोटांची सालटी निघाली तरी थांबेना.

मी उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसले. ती मूठ कुणावर पडते आहे हे मला कळत होतं. ती थांबू नये, असंच मला वाटत होतं.