सोडलेला महसीर

"एवढ्याशा जाळीत काय भाजी होईल?" सुमनबाईंनी विचारलं आणि काठावरचे सगळे हसले.

मी भामरागडजवळच्या एका नाल्यात गुडघाभर पाण्यात उभा होतो. मत्स्य खात्यातून रिटायर झाल्यावर मी अँगलिंगचा गाईड झालो. पाहुण्यांनी गळाने मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असं हे काम. नाला मात्र गावच्या मच्छीमार सोसायटीचा. सुमनबाईंचे यजमान देवाजीभाऊ तिचे अध्यक्ष. त्यांचा मुद्दा सरळ होता.

"सोडलेला मासा मरतेच, साहेब. मंग पान्यात सडवन्यापेक्षा आमाले खाऊ द्या ना."

मासा जगतो हे दाखवलं तर परमिशन, नाहीतर सामान बांधा.

सगळी मदार लँडिंग नेटवर होती. म्हणजे गळाला लागलेला मासा पाण्यातून घ्यायची हातजाळी. नायलॉनची गाठींची जाळी स्वस्त मिळते, पण गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात आणि त्याला बुरशी धरते. म्हणून माझी रबराची. दांडा आखूड, कारण नाल्यात मासा हाताशीच येतो. जाळी ओली केली, गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर टाकली.

महसीर लागला. असा पळाला की मी पेन्शनर असल्याचंच विसरलो. फार मजा आली. तो दमल्यावर जाळी पाण्यात स्थिर धरली आणि त्याला डोक्याकडून आत घेतलं. जाळी घेऊन माशामागे धावायचं नसतं. पाण्यातच गळ काढला, तोंड प्रवाहाकडे धरलं. शेपूट हलली आणि स्वारी गेली.

"गेला खरा," देवाजीभाऊ म्हणाले. "पन जगला काय, कोनी पाह्यलं?"

मी वाकून मासा गेला तिकडे पाण्यात बघू लागलो.

एव्हाना सुमनबाई कंटाळून वळणाखाली लावलेलं आपलं जाळं बघायला गेल्या होत्या. त्या परतल्या त्या धडपडणारा महसीर छातीशी धरून. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात माझ्या गळाचं ताजं भोक होतं.

"मेला म्हन्ता?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माहं जाळं फाडलं यानं."

देवाजीभाऊंनी वाकून पाहिलं. माशाने शेपटीने त्यांच्या तोंडावर पाणी उडवलं. ते हसले, आणि परमिशन मिळाली.

मी आनंदाच्या भरात म्हणालो, चला, आता परत सोडू या.

"तुमच्या जाळीतून सुटला, साहेब," सुमनबाई म्हणाल्या. "माह्या नाई."

दुपारी त्यांच्याकडे रस्सा झाला. मन खात होतं, तरी भात दोनदा घेतला.

आता प्रत्येक पाहुण्याला मी लँडिंग नेट कसं निवडायचं ते सविस्तर सांगतो. पण त्याआधी वळणाखाली जाऊन सुमनबाईंचं जाळं काठावर आहे ना, ते बघून येतो.