पूजेतली डाय

पोलाद एकदा कठीण झालं की पुन्हा बदलत नाही, असं आमचे मालक दर खंडेनवमीला भाषणात सांगत. माणसानंही तसंच असावं, हे पुढचं वाक्य. ते स्वतः सकाळी नऊला एक सांगत आणि दहाला दुसरं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत, हत्यारं-साचे बनवायच्या त्या टूलरूममध्ये मी तपासनीस होतो. भट्टीवर सिन्नरकडचे एक मामा होते. तापलेल्या पोलादाचा रंग पाहून ते तापमान सांगत. मीटर बिघडला की दुरुस्तीवाला तो मामांच्या आकड्याशी जुळवून निघून जाई.

त्या खंडेनवमीला सकाळीच एक मोठी डाय, म्हणजे पत्रा दाबायचा पोलादी साचा, मामांनी लालबुंद तापवून तेलात बुडवली. ती कोमट असतानाच पुन्हा मंद आचेवर ठेवायची, म्हणजे तिच्या अंगातला ताण उतरतो. पण तेवढ्यात मालकांनी भट्टी बंद करून तिच्या दाराला झेंडूची माळ घातली.

“शेठ, दोन तासांचं काम हाय,” मामा म्हणाले. “ही अशी ठेवायची चीज नाय.”

“आज हत्यारांचा विसावा. पूजा झालेली भट्टी पेटवायची नाही.”

“मग डाय फुटंल.”

“देवापुढं अभद्र बोलतोस? भट्टी तुझ्या बापाची आहे का?”

“बापाची असती तर कवाच पेटवली असती.”

मालकांनी मामांच्या कानाखाली वाजवली. सगळी टूलरूम उभी होती; प्रत्येकजण झेंडूची फुलं बघू लागला. मीसुद्धा.

मग डाय धुऊन-पुसून पाटावर ठेवली, तिला हळद-कुंकू वाहिलं. पाटावर ती अगदी निपचित दिसत होती. आत मात्र काम चालू होतं. तेलात विझताना पोलादातले सगळे स्फटिक आपली रचना बदलत नाहीत. काही जुन्याच रचनेत अडकून राहतात आणि नंतर, खोलीच्या साध्या हवेत, सवडीनं बदलतात. बदलताना ते फुगतात. भोवतीचं कठीण पोलाद जागा देत नाही. हे पुस्तकात मी वाचलं होतं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

आरतीच्या दुसऱ्या कडव्याला बंदुकीसारखा बार झाला. डाय उभी चिरली. एक तुकडा समया आडव्या करत गेला आणि त्यानं मामांची भुवई फोडली. मालक टेबलाखाली गेले. बाहेर आले ते थेट मामांच्या कॉलरवर.

“कच्चं काम करून डाय फोडलीस! तेलातच तडा गेला होता, लपवलास!” एक गुद्दा तोंडावर, एक छातीवर. “आजपासून तू बंद. वसाहतीत कुठं भट्टीला हात लावू देणार नाही तुला!”

अठरा वर्षं मामांनी दुसरं काहीच केलं नव्हतं. ते रक्त पुसत माझ्याकडे बघत होते. तडा केव्हाचा, हे सांगणं माझंच काम होतं.

मी अर्धी डाय उचलली. तुटलेला भाग करडा, कोरडा, चकचकीत होता. तडा तेलातला असता तर तेल आत शिरून डाग पडला असता. मी तसं म्हणालो.

“तू पण त्यातलाच!” मालकांनी फोडायचा नारळ फेकला. मी वाकलो, तो मागच्या टेबलावरच्या लोखंडी पकडीवर, व्हाइसवर फुटला. देवाला तेवढाच पोचला.

ते पुन्हा मामांकडे वळले, तेव्हा मामांनी त्यांचं मनगट पकडून पिळलं. मालकांचा गुडघा फरशीवर टेकला.

“शेठ, फुटली ती डाय. मी नाय फुटलो अजून.”

मनगट सोडून मामा बाहेर पडले. भुवईला सात टाके पडले. डोळा वाचला.

पंधरा दिवसांत त्यांना समोरच्या शेडमध्ये काम मिळालं. आमच्याकडे नवा भट्टीवाला आला आणि त्यानं ओळीनं तीन डाया वाकड्या केल्या. त्यानंतर आमच्या डाया रस्ता ओलांडून मामांकडे जाऊ लागल्या. माल पाठवायच्या चलनावर सही मालक स्वतः करत.