बैल नसलेली गाडी

मंडळी, बोटांना बाभळीचे काटे टोचून आग होतेय, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही!

माझी सहा वर्षांची भाची आईला सोडून पहिल्यांदाच आमच्याकडे तामलवाडीला राहायला आलीय. आज सकाळी तिची बॅटरीची मोटार बंद पडली आणि रडणं सुरू झालं. "आईला बोलव, मला आजच जायचंय!" शेवटी मी भूमला बहिणीला फोन केला.

देवपूजा आटोपून बाहेर आलो, तर शेजारचे नव्वदीला टेकलेले चाचा तिच्यासमोर ज्वारीची चिपाडं सोलत बसलेले. काट्यांचे खिळे मारून त्यांनी छान गाडी उभी केली. मीही काटे टोचायला हातभार लावला.

मला हुरूप आला. चिखलाचे बैल करायला घेतले, तसे चाचा ओरडले, "आरं नामदेवा, थांब की! समदं तूच केल्यावर पोरीनं काय करायचं? निजामाच्या वक्ताला आमच्या गाडीलाबी बैल नव्हते. तरी रोज हैदराबादला जाऊन यायचो आमी!"

भाचीचं रडणं थांबलं. "बैल नकोतच, चाचा. ही एसटी आहे. मामा, सरक, भूमची गाडी सुटतेय!"

दिवसभर एसटी सुटतच राहिली.

संध्याकाळी बहीण न्यायला आली. भाचीने तिला दारातच अडवलं. "ओ बाई, ही गाडी मुक्कामी आहे. आज परत जाणार नाही."

देवानं लेकरांना एवढं देऊन पाठवलेलं असतं! मग खेळण्यात आपण त्यांच्यासाठी काहीच का शिल्लक ठेवत नाही? तुम्ही ठेवता का?