रशीद शेखने रोजा सोडला होता

माझी शेवटची पोस्टिंग नगरला, एका रणगाडा रेजिमेंटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या छोट्या दवाखान्यात होती. हुद्दा नायब सुभेदार, काम नर्सिंग असिस्टंटचे. दफेदार रशीद शेख त्याच रेजिमेंटचा ड्रायव्हर, सोनईचा. त्याच्या मृत्यूच्या दोन हकिगती आज सांगितल्या जातात. दोन्ही खोट्या आहेत. सांगणाऱ्यांपैकी त्या दिवशी तेथे कोणीही नव्हते. मी होतो.

रशीदला मधुमेह होता. सकाळी एक गोळी, रात्री अर्धी. त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला.

"साहेब, रोजे धरायचेत. गोळ्यांचं कसं करायचं?"

"घरी बायकोला विचारलंस?"

"तिनंच पाठवलंय. म्हनली, तुमचे साहेब न्हाई म्हनले तर न्हाई. माझं घरात कोन ऐकतंय?"

मी त्याला आमच्या डॉक्टरांपुढे उभे केले. त्यांनी तपासून परवानगी दिली आणि डोस उलटवले: अर्धी गोळी पहाटे सेहरीबरोबर, पूर्ण गोळी सायंकाळी इफ्तारनंतर. दुपारी रक्त तपासायचे. साखर उतरून घाम किंवा थरथर सुटल्यास रोजा तत्काळ सोडायचा, त्यासाठी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची.

"सोडशील ना?" मी विचारले.

"आजाऱ्याला सूट हाय, साहेब. मौलवींना इचारून आलोय."

हे सर्व तोंडी ठरले. कागदावर जुनाच डोस राहिला. तो बदलून सही घेणे माझे काम होते. मी ते केले नाही.

बारा रोजे सुरळीत पार पडले. रोज ०४१० वाजता मी बराकीत जात असे. गोळी माझ्यासमोर गिळली जाई आणि रजिस्टरमध्ये नोंद होई.

बाराव्या दिवशी सायंकाळी आमचे डॉक्टर रजेवर गेले. त्यांच्या जागी आलेल्या कॅप्टन डॉक्टरने रजिस्टर तपासले.

"सकाळी एक लिहिली आहे. तुम्ही अर्धी देता. कोणाच्या ऑर्डरने?"

"तोंडी ऑर्डर आहे, सर."

"तोंडी मला दिसत नाही. कागदावर आहे ते द्या."

"सर, तो दिवसभर उपाशी असतो."

"दॅट्स ऑल, साहेब."

तेराव्या दिवशी ०४१० वाजता मी रशीदच्या हातावर पूर्ण गोळी ठेवली.

"आज पुरी?"

"ऑर्डर आहे."

त्याने ती गिळली. आज रोजा धरू नकोस, एवढे मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

त्या दिवशी त्याची ड्यूटी फायरिंग रेंजवर लागली, म्हणून दुपारची तपासणी झाली नाही. १५४० वाजता वायरलेस सेटवर आवाज आला.

"मेडिकल, ड्रायव्हर बेहोश. गाडी उतारावर. ओव्हर."

"बाकी जखमी? ओव्हर."

"कोई नहीं. ओव्हर."

१५५८ वाजता मी पोचलो. ट्रक कडेला उभा होता. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. मागे अकरा जवान, एकालाही खरचटलेले नव्हते. केबिनमधून उतरताना रशीद डोक्यावर पडला होता, दगडावर. मुठीत फाडलेली पुडी होती. ओठांवर आणि जिभेवर ग्लुकोजची पांढरी पूड होती. श्वास मोकळा व्हावा म्हणून मी बोटाने त्याचे तोंड साफ केले. त्यानंतर ती पूड कोणालाही दिसली नाही. १६४५ वाजता हॉस्पिटलने त्याला मृत घोषित केले.

चौकशीत मी सर्व सांगितले, पूर्ण गोळीसह. निष्कर्षात एक ओळ आली: वैद्यकीय सल्ला डावलून उपवास. नगरच्या सावेडी भागातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात एक गृहस्थ माइकवरून तेच बोलले, हट्टापायी गेला म्हणून. मी उभा राहिलो. "सल्ला माझ्यासमोर दिला होता. त्याने एकही डावलला नाही."

"सुभेदारसाहेब, बसा. जेवण थंड होतंय."

सोनईत उलटी हकिगत. दोन वर्षांपूर्वी तेथे त्याच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला. वक्ते म्हणाले, त्याने अखेरच्या श्वासापर्यंत तोंडात कण घेतला नाही. टाळ्या पडल्या. मी व्यासपीठावर जाऊन सांगितले की हे असत्य आहे.

संयोजक कानाशी आला. "काका, लोकांना बरं वाटतंय. तुमचं काय जातंय?"

"माझं नाही, त्याचं जातंय. साखर उतरली हे त्याने ओळखलं, अकरा माणसं सुखरूप थांबवली आणि ठरल्याप्रमाणे रोजा सोडला. त्याचं शहाणपण का पुसता?"

कार्यक्रमानंतर त्याची पत्नी शमीमभाभी माझ्यापाशी आली.

"सोडला हुता? खरंच?"

"माझ्या बोटाला पूड लागली होती, भाभी."

"मंग एक रोजा ऱ्हायला की त्यांचा. कितवा हुता?"

"तेरावा." मग मी पूर्ण गोळीचेही सांगितले. ती कोणी दिली, तेही.

ती वळली आणि निघून गेली.

सोडलेला रोजा नंतर भरून काढायचा असतो, पण त्याला तेवढा वेळच मिळाला नाही, म्हणून त्याच्यावर काही बाकी नाही, असे मौलवींनी तिला सांगितल्याचे कळते. तरीही दरवर्षी तेराव्या रोजाला तिच्या घरी एका गरजू माणसाला रशीदच्या नावाने, त्या राहिलेल्या रोजाबदल्यात, दोन्ही वेळचे जेवण दिले जाते. यंदाही दिले. मला तिने कधी बोलावलेले नाही. ते योग्यच आहे.