कल्लाप्पांच्या ड्रिलमशीनचं बटण

कल्लाप्पा चौगुल्यांबद्दल नानासोंना खरं तर फारसं काही ठाऊकच नव्हतं. तासगावात विट्याच्या रस्त्याला एका भिंतीआड सोळा वर्षांचा शेजार. पण त्यांचं मूळ गाव कुठलं, बायकोशी ते कानडीत का बोलतात, हेसुद्धा नानासोंनी कधी विचारलं नाही. माणूस अबोल आणि विचारणारा त्याहून बुजरा. बेदाण्याच्या शेडला लागणारे लोखंडी रॅक कल्लाप्पा बनवायचे आणि दिवस मावळायच्या आत जेवायला म्हणून शटर ओढायचे, एवढीच काय ती माहिती. बाकी जे कळलं, ते एका दसऱ्यामुळं.

खंडेनवमीला वर्कशॉपमधली सगळी मशिनं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवायची आणि दसऱ्याच्या सकाळी गल्लीतल्या एखाद्या लहान पोराच्या हातानं ड्रिलमशीनचं बटण दाबून घ्यायचं, अशी तिथली रीत. पोराच्या हातानं सुरू झालेलं काम वर्षभर अडत नाही म्हणायचे. त्या वर्षी मान नानासोंच्या नातीचा होता. साक्षी आठ वर्षांची.

कल्लाप्पा माळ उतरवायला गेले, तेव्हा नानासोच म्हणाले, "असू द्या की. पुजेची हाय."

कल्लाप्पांनी हात मागं घेतला. साक्षीनं बटण दाबलं आणि माळेचा दोरा फिरत्या ड्रिलला गुंडाळत गेला. फुलं उधळली. पुजेचं फूल पायाखाली येऊ नये, हे पोरीला घरीच शिकवलेलं. तिनं माळ धरायला हात घातला. कल्लाप्पांनी तिला अंगानं बाजूला ढकललं. तिला ओरखडासुद्धा आला नाही. पण दोऱ्यात त्यांचाच डावा हात अडकला आणि मधल्या बोटाची दोन पेरं गेली.

दवाखान्याच्या बाकावर नानासो तासभर शेजारी बसून होते. माफी मागायची होती. त्यांनी उठून कल्लाप्पांना पाणी तेवढं आणून दिलं. बांधलेला हात मांडीवर ठेवून कल्लाप्पा एवढंच म्हणाले, की मान म्हणून पोराला पुढं करायचं आणि सांगायचं काहीच नाही, ही रीतच चुकली. आता ती बंद.

हा निर्धार पुढच्या दसऱ्याला कसाला लागला. उदयसिंह या बड्या बागायतदाराच्या चार शेडचे रॅक ठरले होते, वर्षातलं सगळ्यात मोठं काम. ते सकाळीच सहा वर्षांच्या नातवाला, वीरधवलला, फेटा बांधून घेऊन आले. आमच्या रॅकचं पहिलं भोक याच्या हातनं पडू दे, म्हणाले.

"बटण मी दाबतो. त्याला पेढा देतो," कल्लाप्पा म्हणाले.

"आवं, मी मागं हुबा हाय की."

"गेल्या साली आमी दोघं म्हातारं बी मागंच हुबं हुतो."

उदयसिंहांना हसू आलं. "एका बोटानं गडी एवढा भ्याला व्हय?"

"भ्यालो. लय भ्यालो. पोराची दहाच्या दहा हायती, म्हणून."

तिथं जमलेल्या चार माणसांत उदयसिंहांचा चेहरा उतरला. मग रॅक दुसरीकडून करून घेऊ, म्हणून ते वळले. कल्लाप्पांनी पोराच्या हातात पेढा दिला आणि आजोबांना सांगितलं, की काम कुठंही द्या, फक्त तिथंही याला पुढं करू नका. मग त्यांनी माळ उतरवली, बाजूला ठेवली आणि उरलेल्या बोटांनी बटण दाबलं.

माणसं पांगल्यावर साक्षी कल्लाप्पांपाशी आली. "आजोबा, मला कवा शिकवणार?"

बटणाच्या आधी काय काय बघायचं, असं कल्लाप्पांनी तिला विचारलं. माळ, ती म्हणाली. आणखी? ते तिला सांगता येईना. मग अजून नाही, ते तिच्या सुट्या केसांकडं बघत म्हणाले. पण लोखंडाची पट्टी शिकंज्यात आवळून त्यांनी तिच्या हातात कानस दिली. दर रविवारी यायचं, धार घासून गुळगुळीत करायची. मशीन ती मोठी झाल्यावर.

दारात उभे असलेले नानासो मध्येच बोलले. "नको. तिनं हितं यायलाच नको."

"हाकलली तर माझी पाठ फिरल्यावर हात लावंल, नाना. डोळ्यांम्होरं असू दे. मशीनला शिवू द्यायचो न्हाई. तुमी म्हणालात तरी न्हाई."

ते शेवटचं वाक्य नानासोंच्या वर्मी बसलं. राग मात्र नव्हता त्यात. त्यांनी मान हलवली. तिथून पाच रविवार भिंतीपलीकडून कानशीचा खरखर आवाज येत राहिला आणि नानासो तो ऐकत चहा पीत बसत.

सहाव्या रविवारच्या आदल्या दिवशी ते मुलीकडं साताऱ्याला निघाले. तिथंच चार दिवसांनी फोन आला, की कल्लाप्पा झोपेतच गेले. साताऱ्याला निघताना पिशवी घेऊन नानासो कल्लाप्पांच्या शटरपाशी क्षणभर थांबले होते, तेच शेवटचं बोलणं.

"उद्या पोरगी यायची हाय न्हवं?"

"व्हय."

"केस बांधून पाठवा."

"सांगतो सूनबाईला."