आजचं पाप अजून व्हायचंय

विजयमाला मूळची जतची. टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची, तिथली. लग्न करून आली ती इस्लामपुरात, शमुवेल आण्णांच्या घरी. सासरे रिटायर मास्तर आणि चर्चचे पंच. रोज नळाला पाणी आणि रोज दिवेलागणीला घरात प्रार्थना, ह्या दोन्हींचं तिला पहिल्या वर्षी लय अप्रूप वाटलेलं.

चर्चमध्ये ती संडे स्कूल घ्यायची. कापडाचं काळं काळीज वर धरायची, हे पापानं असं झालं म्हणायची, मग एक दोरा ओढला की ते उलटं होऊन पांढरंशुभ्र. पोरं टाळ्या वाजवायची. स्वतःची पोरगी प्रियदर्शनी, घरातली दर्शू, पहिल्या ओळीत बसून सगळ्यात जोरात.

घरातली रीत आण्णांची होती. गीत झालं की प्रत्येकानं दिवसभरातलं एक पाप सांगायचं, मग क्षमा, मग आमेन, मग ताट. मोठ्यांची पापं ठरलेली. आण्णा म्हणायचे, मनात गर्व आला. दर्शूचा पप्पा संदेश म्हणायचा, तंबाखू. विजयमाला म्हणायची, चिडले. दर्शूला मात्र रोज नवीन सांगायला लागायचं, कारण आण्णा म्हणायचे लेकरांना आत्ताच वळण लागतं.

मार्चमध्ये विजयमालाला मुलगा झाला. रडलाच नाही तो. दवाखान्यातून ती रिकामी घरी आली.

आणि तीही रडली नाही. दूध यायचं, ब्लाऊज भिजायचा, ती बदलायची, परत भिजायचा, परत बदलायची. भाकरी थापायची, दर्शूची वेणी घालायची. चर्चचे पाळक येऊन म्हणाले देवाची इच्छा, ती म्हणाली व्हय. शेजारची शालूबाई म्हणाली रड की बया एकदा, तर तिलाही म्हणाली व्हय. संडे स्कूल तेवढं सोडलं. काळं काळीज कपाटात पडलं. आत कुणीतरी दार लावून बाहेरगावी गेल्यासारखं झालेलं तिचं.

जूनमध्ये एका संध्याकाळी शालूबाई तणतणत आली. हातात तुटलेला भोपळ्याचा वेल.

"विजयमाला, तुझ्या पोरीला कायतरी सांग बाई! रोज चहाच्या टायमाला येतीया आन एक तरी खोडी करून जातीया. काल चपला हौदात, आज ह्यो येल!"

"दर्शू? आमची?"

"तुमचीच! आन कसं करती बघ. आधी इचारती, 'शालूआज्जी, ह्यो तोडू का?' मी म्हनते नको गं बया. तर म्हनती 'बरं', आन तोडती! मी व्हय म्हनले तर तोडतच न्हाई. परवा म्हनलं, जा तोड, तर तोंड पाडून गेली की."

एरवी कुणीही हसलं असतं. शालूबाई स्वतःच हसली. विजयमाला नुसती वेलाकडं बघत राहिली.

दर्शू न्हाणीघरापाशी बसलेली. हातात आण्णांची काठी, डोळे पाण्याच्या बादलीवर.

"काय करायलीस गं?"

"मम्मी, ही काठी पाण्यात बुडवू का?"

"नको."

"बरं," म्हणून दर्शूनं काठी उचलली. विजयमालानं तिचा हात धरला.

"मी नको म्हनले न्हवं?"

"म्हनूनच की गं! तू नको म्हनल्यावरच पाप हुतंय. सोड मम्मी, दिवे लागायला आले, आजचं पाप अजून व्हायचंय माझं."

"आन वेल तोडलास ते?"

"ते शालूआज्जीनं माफ केलं. हसली ती. ते धरत न्हाईत."

विजयमाला खाली बसली. ओल्या फरशीवरच.

"एखाद्या दिशी न्हाई झालं पाप, तर काय बिघडतंय?"

दर्शूनं काठी मांडीवर ठेवली. बराच वेळ काठीची मूठ नखानं खरवडली.

"एकदा मी म्हनलेले, आज काय न्हाई. आण्णा म्हनले हे खोटं, देव बघतोय. तरी मी न्हाईच म्हनले. मग सकाळी तुला दवाखान्यात नेलं."

"आन?"

"आन तूच शिकीवलेलंस की. त्या राजानं पाप केलं आन त्याचं बारकं बाळ मेलं. राजाला कायच झालं न्हाई, बाळच मेलं." दर्शू हळूच म्हणाली, "मी तवापासनं एक दिवस चुकवलेला न्हाई मम्मी. आता कोन मरनार न्हाई."

तो धडा विजयमालानंच घेतलेला, जानेवारीत, सात महिन्यांचं पोट सांभाळत. पोरं गप्प बसून ऐकतायत म्हणून तिला केवढं बरं वाटलेलं तेव्हा. आता काहीतरी वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. काठी तेवढी काढून घेतली आणि आण्णांच्या खोलीत ठेवून आली.

दिवे लागले. सतरंजी टाकली. गीत झालं.

"बोल बाळा," आण्णा म्हणाले, "आजचं काय?"

दर्शू सतरंजीचा दोरा ओढायला लागली. तिनं आईकडं बघितलं. विजयमालानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हिचं आज काय न्हाई, आण्णा."

"असं कसं? पापाशिवाय मानूस हाय का जगात?"

"नसंल. पन हिचं न्हाई."

"विजयमाला," संदेश पुटपुटला, "आगं..."

"बाळ का गेलं, हे ती स्वतःला इचारतीया रोज. आपन तिला आज काय आज काय म्हनतोय आन ती उत्तर देतीया." आवाज अजिबात चढला नव्हता, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसा होता. "तिला वाटतंय तिनं मारलं त्याला."

विजयमाला उठली आणि आमेनच्या आधी, त्या घरात पहिल्यांदाच, ताट वाढलं. दर्शूसमोर ठेवलं.

"जेव."

"मम्मी, मग कोन मरनार न्हाई?"

"तुझ्यामुळं न्हाई."

दर्शूनं एकच घास खाल्ला. बाकी कुणी जेवलंच नाही धड.

सकाळी उजाडताना विजयमालाला जाग आली तर अंथरुणात दर्शू नाही. पोरगी खोल्यांतून अनवाणी फिरत होती. पप्पाच्या नाकाखाली बोट धरलं, थांबली. मग आण्णांच्या खोलीत गेली. आण्णा जागे होते. दारातून विजयमालाला त्यांचे डोळे दिसले. पोरगी जवळ आली तसे त्यांनी ते घट्ट मिटले, आणि बोट नाकाखाली आल्यावर मोठ्ठा श्वास सोडला, तिला नीट लागावा असा. मग परत एकदा.

दर्शू वळली तर दारात आई. पाय उंचावून तिनं तिच्याही नाकाखाली बोट धरलं. धरून राहिली, बोटाला काहीच लागेना.

"मम्मी," ती रडवेली होऊन म्हणाली, "श्वास सोड की गं."