कोपरात खोका

इतर खात्यांतल्या लोकांकडे बदल्यांचे किस्से असतात, आम्हा शिक्षकांकडे नाकांचे. ते गोळा करावे लागत नाहीत, वाहतच येतात.

त्या दुष्काळी वर्षी घाटनांदूरजवळच्या एका खेड्यात मी तिसरीला शिकवत होते. निम्म्या पोरांचे आईबाप साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेलेले आणि पोरं शाळेच्या वसतिगृहात. पोर आजारी पडलं की आई येऊन त्याला फडावर, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, घेऊन जायची, आणि मग त्याचं वर्ष बुडायचं. त्यामुळे वर्गात कोणी शिंकलं की मी खडू टाकून आधी त्याचं कपाळ चाचपायचे.

*

आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी शाळेत येऊन सांगितलं, साबणाने वीस सेकंद हात धुवा. पोरांकडे कुठलं घड्याळ! मी म्हटलं, बेचा पाढा म्हणा, ‘बे दाहे वीस’ आलं की हात स्वच्छ.

युक्ती झकास होती. फक्त गणेशला ‘बे साते’च्या पुढचं येत नव्हतं. अडला की पुन्हा ‘बे एके बे’. टँकर दोन दिवसांआड येणारा, आणि ह्या पठ्ठ्याने अर्धी बादली संपवली. हेडसरांनी त्याला दुपारभर पाढा पाठ करायला बसवलं. गणितासाठी नव्हे, पाण्यासाठी.

*

नर्सबाईंचा दुसरा नियम, ‘कोपरात खोका.’

दुसऱ्या दिवशी सुवर्णा उठली, वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून खोकली आणि जागेवर येऊन बसली. मग आणखी दोघं गेले. दुपारपर्यंत तिथे रांग लागली. मी विचारलं, हे काय चाललंय?

“नर्सबाईच म्हणल्या न्हाई का, कोपऱ्यात खोका म्हणून!”

त्या कोपऱ्यात बसणारा धडधाकट पोरगा दोन दिवसांत आडवा झाला.

*

गावच्या दूध सोसायटीने पोरांना हळदीचं दूध द्यायचं ठरवलं. चेअरमन उद्घाटनाला आले, आरोग्यावर अर्धा तास बोलले, उघड्या तळहातावर तीनदा शिंकले आणि त्याच हाताने ग्लास वाटू लागले. पोरं घेईनात. शेवटी एक चिमुरडी अदबीने म्हणाली, “साहेब, आदी बेचा पाढा म्हणा.”

*

आणि एकदा सुवर्णाच तापली. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी पाजा, आराम द्या, इतरांपासून वेगळी झोपवा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, नुसतं नाक गळत होतं. पण बातमी फडावर पोचली होती. आईचा फोन आला, उद्याच गाडी धरते आणि पोरीला घेऊन जाते म्हणून.

सुवर्णाचा चेहरा पडला. तिला शाळा सोडायची नव्हती, आणि मलाही तिला सोडायचं नव्हतं. मी फोन स्पीकरवर टाकला. सगळा वर्ग भोवती गोळा झाला. ती म्हणाली, “आई, मी बरी हाय. ताप गेला.”

आणि तेवढ्यात अशी शिंक आली की बाहेरच्या शेळ्या बुजल्या.

लगेच फोनवरून प्रश्न आला, “कोण शिंकलं गं?”

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “मॅडम!”

खरंच मीच शिंकले होते.

“मग पोरगी राहू द्या तितंच,” आई म्हणाली. “मॅडम, तुमीच या आमच्या कोपीवर. चार दिस निजून राहा, आमी बगतो तुमाला.”